कमरेचें दुखणें खुब्यांत उतरलें असतां

भाताच्या लावणीच्या दिवसांत वाकून वाकून, किंवा जड पोतें उचलतांना एकाएकीं, कमरेंत उसण भरते आणि दोन दिवसांनीं तीच कळ खुब्याकडे व मांडीच्या मागल्या बाजूनें खालीं उतरूं लागते. हा अनुभव पुष्कळ वाचकांच्या परिचयाचा आहे. अशा वेळीं कित्येक घरीं रोग्यास महिनाभर अंथरुणावर खिळवून ठेवितात. कित्येक घरीं, विशेषतः दुखणें सुनेचें असेल तर, तें आळसाचें सोंग मानून तिला तसेंच कामास जुंपितात. हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. म्हणून ह्या विषयाचा आज थोडा विचार करूं.

कळ खालीं कां उतरते?

कमरेंत पांच मणके असून दोन मणक्यांच्या मध्यें एक मऊ गादी असते. तेथून निघणारे मज्जातंतू एकत्र होऊन त्यांची एक जाड नस कुल्ल्यांतून पायांत उतरते. गादीचा भाग बाहेर येऊन मज्जातंतूच्या मुळास चेपूं लागला म्हणजे कळ गुडघ्याखालीं पोटरींत व पावलांत जाते आणि मुंग्या येतात. आपल्या प्राचीन वैद्यांनीं ह्या रोगास गृध्रसी असें नांव दिलें होतें. गादीशीं त्याचा संबंध १९३४ सालीं अमेरिकेंतील मिक्स्टर व बार ह्या शस्त्रवैद्यांनीं स्पष्ट करून दाखविला. तथापि कळ कुल्ल्यापर्यंतच जात असेल, तर बहुधा नस चेपलेली नसते. पाठीच्या स्नायूंचें व लहान सांध्यांचें दुखणेंही तेथें जाणवतें. उलट दुखणें जांघेंत असेल आणि मांडी घालून बसणें कठीण जात असेल, तर दोष खुब्याच्या सांध्यांत असण्याचा संभव अधिक आहे, हें वैद्यास अवश्य सांगावें.

अंथरूण कीं हालचाल?

पूर्वी डॉक्टरही आठवडेच्या आठवडे पडून राहण्यास सांगत. परंतु १९८६ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेंत असें दिसून आलें कीं, सात दिवस पडून राहण्यानें दोन दिवसांच्या विश्रांतीहून अधिक लाभ होत नाहीं. कामाचे दिवस मात्र अधिक बुडतात. १९९५ सालीं फिनलंडांत तर अंथरुणावर पडणाऱ्यांपेक्षां सोसवेल तितकीं नित्याचीं कामें करीत राहणारे लवकर बरे झालेले आढळले. ह्याचें कारण उघड आहे. पडून राहिल्यानें स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात आणि मनांत भीति घर करिते. दुखतें म्हणजे आंत कांहीं मोडतें आहे, असें नव्हे.

छायाचित्रांतील दोषानेंही घाबरूं नये. १९९४ सालीं कंबर मुळींच न दुखणाऱ्या ९८ माणसांचे कणे चुंबकीय यंत्रानें तपासले, तेव्हां निम्म्याहून अधिक जणांत गादी फुगलेली दिसली.

घरीं काय करावें?

आरंभीं एक दोन दिवस विसांवा घ्यावा व बरें वाटत असल्यास शेक द्यावा. नंतर दिवसांतून अनेक वेळां थोडें थोडें चालावें व रोज अंतर वाढवावें. निजतांना कुशीवर होऊन दोन गुडघ्यांमध्यें उशी घ्यावी. उताणें निजून गुडघे वांकवावे व कंबर हळूच वर उचलून खालीं ठेवावी; हा व्यायाम सोसवेल तितकाच करावा. ओझें उचलतांना गुडघ्यांत वांकून तें अंगाशीं धरावें. दुखणें थांबविणारी गोळी वैद्याच्या सल्ल्यानें थोडेच दिवस घ्यावी. दुकानांतून आणून महिनोन्महिने खाल्ल्यास पोटांत व्रण होतात व मूत्रपिंडें बिघडतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं जुनाट कंबरदुखीविषयीं जो सल्ला दिला, त्यांत व्यायामास स्थान आहे. कमरेचे पट्टे व वजनें लावून ओढ देणें हे नेहमींचे उपचार म्हणून करूं नयेत, असें सांगितलें आहे.

केव्हां थांबूं नये?

लघवी अडली किंवा नकळत होऊं लागली, शौचावरील ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली, किंवा पाय लुळा पडूं लागला, तर त्याच दिवशीं मोठें रुग्णालय गांठावें. एका रात्रीच्या विलंबानें जन्माचें पंगुत्व येऊं शकतें. संध्याकाळचा ताप, वजन घटणें व रात्रीं वाढणारें दुखणें हीं कण्याच्या क्षयाचीं लक्षणें असूं शकतात. आपल्या देशांत सरकारी दवाखान्यांत क्षयाची तपासणी व औषध फुकट मिळतें. वृद्ध माणूस पडल्यावर कंबर धरली, किंवा पूर्वी कर्करोग झालेला असला, तरीही तपासणी करवावी. अशा रोग्याची कंबर हाडवैद्याकडून कदापि ओढवूं नये.

हीं लक्षणें नसतील तर धीर धरावा. बहुतेकांचें दुखणें सहा आठवड्यांच्या आंत पुष्कळ उतरतें. नसेच्या कळीस कांहीं महिनेही लागतात. तोंवर घरच्या मंडळींनीं पाण्याचे हंडे व सरपणाच्या मोळ्या आपण उचलाव्या आणि हलकीं कामें रोग्याकडे राहूं द्यावीं. त्याचें दुखणें खरें मानावें, पण त्याला पांगळा मानूं नये. ह्या दोन गोष्टी संभाळल्या म्हणजे पुष्कळ घरांतील माणूस लवकर उभें राहील.