उच्च रक्तदाब व धमनीचे अस्तर

कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगा व भोगावती नद्यांचे पाणी उपसून उसाला देणाऱ्या शेतकऱ्यास नळातील दाब वाढला म्हणजे काय होते, हे सांगावयास नको. प्रथम ताण पडतो तो सांध्यांवर व वळणांवर. हृदयापासून रक्त वाहून नेणाऱ्या धमन्यांचेही काहीसे असेच आहे. मात्र धमनी ही निर्जीव नळी नव्हे. तिच्या आतील बाजूस सजीव पेशींचा एकेरी थर असतो आणि बिघाडाचा आरंभ तेथेच होतो.

निरोगी पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू अत्यल्प प्रमाणात निर्माण करतात. त्यामुळे धमनी सैल राहते व रक्तातील कण तिला चिकटत नाहीत. दाब सतत अधिक राहिल्यास पेशींवर ताण पडतो, हा वायू अपुरा पडतो व अस्तर पूर्वीसारखे घट्ट राहत नाही. मग रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल भिंतीत शिरून साचते. ते साफ करण्यासाठी पांढऱ्या पेशी येतात. परंतु चरबी गिळून त्या फुगतात व तेथेच मरतात. भिंतीतील स्नायुपेशी वाढून त्यावर तंतुमय आवरण घालतात. धमनीला जेथे फाटे फुटतात, तेथे असे थर विशेष आढळतात. आवरण फाटले म्हणजे तेथे रक्त गोठते. हृदयाच्या धमनीत असे घडल्यास झटका येतो. मेंदूच्या धमनीत घडल्यास पक्षाघात होतो.

ही क्रिया वर्षानुवर्षे चालते, पण बहुधा काही दुखत नाही. घरचा कर्ता माणूस अंथरुणास खिळल्यावरच ती उघड व्हावी, हे टाळता येते. सातारा व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत राबवलेल्या, २०१७ साली सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाचा भर साध्या गोष्टींवर होता : दाब मोजणे, ठरावीक औषधे देणे व रुग्णाचा पाठपुरावा करणे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी शेतकरी बंधुभगिनींना समजावून द्याव्यात :

१. तीस वर्षांवरील प्रत्येकाने आरोग्य उपकेंद्रात रक्तदाब मोजून घ्यावा. तो वारंवार १४०/९० किंवा अधिक आढळल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

२. लोणचे, पापड व खर्डा यांतील मीठ धरून दिवसाचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभरापेक्षा, कमी ठेवावे.

३. तंबाखू व विडी वर्ज्य करावी.

४. बरे वाटते म्हणून गोळी आपण होऊन बंद करू नये. गळिताच्या हंगामात सवड मिळत नाही. यास्तव गोळ्या संपण्यापूर्वीच आणून ठेवाव्यात.