अनेकांनीं लिहिलेला ज्ञानकोश व विद्यार्थी

गेल्या वर्षीं इयत्ता आठवीच्या वर्गांत मराठी वृत्तपत्रांविषयींचा धडा शिकवीत असतां आम्ही ‘दर्पण’ पत्राच्या पहिल्या अंकाचें साल फळ्यावर १८३१ असें लिहिलें. तोंच एक मुलगी उठून नम्रपणें म्हणाली, “सर, आमच्या पुस्तकांत ६ जानेवारी १८३२ असें आहे.” पुस्तकाचें म्हणणें बरोबर होतें. आंतरजालावरील एका लेखांतून आम्ही तें साल घाईनें उतरून घेतलें होतें. चूक सुधारली, मुलीचें कौतुकहि केलें; परंतु पडताळून पाहण्याचा जो उपदेश आम्ही नेहमीं करितों तो आमच्याच हातून पाळला गेला नाहीं, ही खंत राहिली. म्हणून हे चार शब्द.

आजचा विद्यार्थी निबंधास बसला कीं प्रथम विकिपीडिया उघडतो. हा ज्ञानकोश जिमी वेल्स व लॅरी सँगर यांनीं १५ जानेवारी २००१ रोजीं सुरू केला. त्याची मराठी आवृत्ति २००३ सालापासून आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला, तेव्हां त्यांतील मजकुराची जबाबदारी संपादक या नात्यानें त्यांजवर होती. येथें तसें नाहीं. येथें बहुतेक पानांवर कोणासहि लिहितां येतें व दुसऱ्याचें लिहिलेलें खोडतां येतें.

मग हा कोश टाकाऊ समजावा काय? मुळींच नाहीं. २००५ सालीं ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकानें ४२ विषयांवरील लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. विकिपीडियाच्या लेखांत १६२ व ब्रिटानिकाच्या लेखांत १२३ चुका निघाल्या. ब्रिटानिकाच्या चालकांनीं या तपासणीवर आक्षेप घेतला. तथापि विद्वानांचे ग्रंथहि निर्दोष नसतात एवढें तीवरून दिसतें. उलट त्याच वर्षीं जॉन सीगेंथालर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रांत, केनेडी बंधूंच्या खुनांशीं त्यांचा संबंध असावा असा धादांत खोटा मजकूर कोणीं थट्टेनें घातला. तो सुमारें चार महिने तसाच राहिला. जेथें पुष्कळांची नजर असते तेथें चूक लवकर सांपडते. आडबाजूच्या पानावर ती सुखानें नांदते.

याहून सूक्ष्म धोका निराळाच आहे. २००९ च्या फेब्रुवारींत कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबेर्ग हे जर्मनीचे अर्थव्यवस्था-मंत्री झाले. त्यांचीं पाळण्यांतलीं नांवें दहा. कोणा अज्ञातानें कोशांत ‘विल्हेल्म’ हें अकरावें नांव घुसडलें. वृत्तपत्रांनीं तें छापलें. आणि पुढें कोशांत शंका निघाली तेव्हां तींच वृत्तपत्रें पुरावा म्हणून दाखविण्यांत आलीं! एकाच विहिरीचें पाणी दोन घागरींत भरलें म्हणून दोन विहिरी होत नाहींत. चार ठिकाणीं तेंच वाक्य आढळलें तरी साक्षीदार चार कीं एकच, हें विद्यार्थ्यानें पाहिलें पाहिजे.

यास्तव आमच्या विद्यार्थ्यांनीं तीन गोष्टी कराव्या. लेखाच्या तळाशीं दिलेले संदर्भ उघडून, त्यांत तें विधान खरोखर आहे काय तें पाहावें. ‘इतिहास’ व ‘चर्चा’ हीं पानें चाळावीं. कोणतें वाक्य केव्हां आलें व त्यावर वाद झाला काय हें तेथें कळतें. शेवटीं मराठी विश्वकोशासारखा स्वतंत्र ग्रंथ पाहून मगच तें वहींत उतरावें. विकिपीडियाहि आपणांस प्रमाणग्रंथ मानूं नये असेंच सांगतो. तो दार आहे; घर त्याच्या आंत आहे.

पालकांसहि एक विनंति. मुलानें कांहीं नवें सांगितलें म्हणजे “हें कोठें वाचलेंस?” एवढेंच प्रेमानें विचारावें. गुण आज मिळतील, उद्यां विसरतील; पण खऱ्याची चाड लहानपणींच लागते.

त्या मुलीस घेऊन आम्ही तो चुकीचा लेख पुन्हां उघडला. तिनें पुस्तकाचें नांव व पृष्ठ देऊन साल दुरुस्त केलें. जें अनेकांनीं लिहावयाचें त्यांतील चुकीची जबाबदारीहि अनेकांची. आणि त्या अनेकांत आपणहि आहों, हें आम्हांस त्या दिवशीं आमच्या विद्यार्थिनीनें शिकविलें.