एक स्टेशन असलेला जिल्हा

"ब्रँच कोणती?" हा आपल्या होस्टेलवरचा पहिला प्रश्न. माझी ब्रँच सिव्हिल. पण आज ज्या ब्रँचबद्दल लिहिते आहे ती रेल्वेची. पुस्तकात तिला शाखा म्हणतात, बोलताना आपण सरळ फाटा म्हणतो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे मराठी लिहिताना कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

विषय सुचला तो माझ्या रूममेटमुळे. ती गिरगावची. २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आली ती मुंबईच्या मेट्रो ३ चा नकाशा घेऊनच. ही मुंबईची पहिली पूर्ण भुयारी मेट्रो. आरे ते कफ परेड ३३.५ किलोमीटर आणि २७ स्टेशने. त्यातले फक्त आरे जमिनीवर, बाकी २६ जमिनीखाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा सुरू झाला, मे २०२५ मध्ये आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत. नकाशा भिंतीला चिकटवून ती म्हणाली, "आता तुझ्या जिल्ह्याचा काढ ना."

मी कागद घेतला, एक टिंब काढले आणि खाली लिहिले : वडसा.

"अगं, बाकीची स्टेशने?"

"एवढेच आहे."

तिला आधी गंमत वाटली. मला मात्र त्या रात्री झोप येईना. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. मुंबईच्या वीस पटींहून जास्त. आणि वापरात असलेले स्टेशन एक! असे का झाले, हे शोधायचे ठरवले.

वडसा एकटेच का?

आपल्या भागातली लाइन म्हणजे गोंदिया–बल्लारशा. तिच्यावरची मोठी नावे क्रमाने अशी : गोंदिया, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल-मारोडा, चांदा फोर्ट आणि बल्लारशा. ही लाइन मुळात बंगाल नागपूर रेल्वेने गेल्या शतकाच्या सुरुवातीला नॅरोगेजमध्ये टाकली. म्हणजे दोन रुळांतले अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. ती ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिलिमीटर, झाली १९९० च्या दशकात.

आता नकाशावर वैनगंगा बघा. नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. पूर्वेच्या काठावर वडसा, पश्चिमेच्या काठावर ब्रह्मपुरी. गाडी अर्जुनीकडून येते, वडशाला थांबते आणि लगेच वैनगंगेचा पूल ओलांडून पलीकडे जाते. म्हणजे लाइन आपल्या जिल्ह्याचा फक्त कोपरा कापते. लाइन टाकली तेव्हा गडचिरोली हा जिल्हाच नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. वाटणीत आपल्या वाट्याला आले ते कोपऱ्यातले एक स्टेशन. सिरोंचाच्या माणसाला गडचिरोलीच दोनशे किलोमीटरहून लांब, वडसा तर त्याच्याही पुढे. त्याला तेलंगणातले मंचेरियल जवळ पडते.

फाटा कशासाठी निघतो?

मेट्रो ३ ला फाटा एकही नाही. सरळ एकच लाइन. तरी ती उपयोगाची, कारण ती दुसऱ्या लाइनींना भेटते. मरोळ नाक्याला मेट्रो १, मुंबई सेंट्रल आणि चर्चगेटला पश्चिम रेल्वेची लोकल, सीएसएमटीला मध्य रेल्वेची. आपल्याकडे मात्र फाटे बरेच आहेत. वरोऱ्याच्या कोळशासाठी १८७० च्या दशकात वर्ध्याकडून रूळ आले. पुढे माजरीहून वणीचा फाटा निघाला, ताडाळीहून घुग्घुसचा. दोन्हीकडे कोळसाच. १९२९ मध्ये बल्लारशा–काझीपेट जोडले गेले आणि दिल्ली–मद्रास सरळ रस्ता झाला. यावरून काय दिसते? आपल्या भागात फाटा सहसा मालासाठी निघाला आहे, माणसे नंतर त्यात बसली.

ज्युनिअर्ससाठी एक टीप. चंद्रपूरला दोन स्टेशने आहेत बरं का. वर्धा–बल्लारशा लाइनवरचे ते चंद्रपूर, गोंदियाकडून येणारे ते चांदा फोर्ट. गावाचे नाव बदलले तरी स्टेशनने जुने नाव सोडले नाही. अॅडमिशनच्या दिवशी मी बाबांना फोनवर नुसते "चंद्रपूर स्टेशन" सांगितले. मी चांदा फोर्टला बॅगेवर बसून, ते तिकडे. दीड तास गेला.

नावाचे जंक्शन

नागभीडहून नागपूरला (इतवारीला) साधारण १०६ किलोमीटरचा नॅरोगेज फाटा होता. भिवापूर, उमरेड, कुही अशी स्टेशने घेत छोटी गाडी जायची. गोंदिया–बल्लारशा ब्रॉडगेज झाली, पण हा फाटा नॅरोगेजच राहिला. इथे आपल्या अभ्यासाचा मुद्दा येतो. दोन गेज जिथे भेटतात तिथे डबा पुढे जाऊ शकत नाही. माणूस उतरून गाडी बदलेल, पण धानाचे पोते स्वतः उतरत नाही. ते हमालांनी उतरवून दुसऱ्या डब्यात भरायचे. वेळही गेला, पैसाही गेला. म्हणून नागभीड पाटीवर जंक्शन असले तरी मालासाठी तो अडथळाच. नोव्हेंबर २०१९ मध्ये ही छोटी गाडी बंद झाली आणि त्या मार्गाचे ब्रॉडगेजचे काम हाती घेण्यात आले.

सिंगल लाइनचे गणित

गोंदिया–बल्लारशा लाइन एकेरी आहे. दोन स्टेशनांमधल्या तुकड्याला ब्लॉक सेक्शन म्हणतात आणि त्यात एका वेळी एकच गाडी सोडतात. समोरून येणारी गाडी स्टेशनच्या लूप लाइनवर वाट बघते. यालाच क्रॉसिंग म्हणतात. "गाडी का थांबली?" "क्रॉसिंग आहे." हे आपण सगळ्यांनी ऐकले आहे.

समजा एक ब्लॉक १० किलोमीटरचा आहे आणि गाडीचा वेग ताशी ६०. तो पार करायला १० मिनिटे. सिग्नल, पॉइंट वगैरेला ५ मिनिटे धरा. एका गाडीला १५ मिनिटे, म्हणजे तासाला ४ गाड्या, दोन्ही दिशा मिळून. आता त्याच लाइनवर एक ब्लॉक १५ किलोमीटरचा असेल तर तिथे २० मिनिटे लागतात आणि तासाला ३ च गाड्या जातात. बाकीचे ब्लॉक कितीही छोटे असोत, सगळ्या लाइनची क्षमता सर्वांत वेळखाऊ ब्लॉक ठरवतो. म्हणून मधले एखादे छोटे स्टेशन, जिथे आपली गाडी उगाच थांबते असे वाटते, तेच लाइन चालवत असते. मेट्रोला जाण्याचा आणि येण्याचा रूळ वेगळा, त्यामुळे क्रॉसिंगचा प्रश्नच नाही. आपल्या २४० किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे.

पण गाड्या वाढल्या, वेग वाढला की जंगलाचे काय, हाही प्रश्न आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात याच लाइनवर वाघाचे तीन बछडे गाडीखाली मेले. प्राण्यांसाठी खालून वाट, कुंपण, वेगाची मर्यादा हे सगळे डिझाइनमध्येच यायला हवे, अपघात झाल्यावर नव्हे.

आमच्या बांधीतला फाटा

वडसा ते गडचिरोली हा सुमारे ५२ किलोमीटरचा नवीन फाटा मंजूर झाला तेव्हा मी प्रायमरीला होते. खर्चाचा निम्मा वाटा राज्य सरकारचा. तो वडशाहूनच का निघाला, हे मला आता सर्व्हेइंग शिकल्यावर कळले. वडसा, आरमोरी, गडचिरोली ही तिन्ही गावे वैनगंगेच्या एकाच काठावर आहेत. मूलकडून फाटा काढला असता तर वैनगंगेवर मोठा पूल लागला असता. वडशाकडून गाढवी, खोब्रागडी, कठाणी अशा छोट्या नद्याच ओलांडायच्या आहेत.

आमच्या काकांची धानाची एक बांधी या फाट्यात गेली. मोजणीचे दगड रोवले तेव्हा आम्ही मुले त्यांवर उड्या मारायचो. मागच्या सुट्टीत मी काकांना हे एका काठाचे गणित मोठ्या उत्साहाने समजावले. त्यांनी ऐकून घेतले, मग म्हणाले, "पोरी, रूळ इथून जाणार ते मला दिसतेच आहे. गाडी थांबणार कुठे, आणि सकाळी नागपूरला दवाखान्यात जाऊन रात्री परत येता येईल का, ते सांग."

मला उत्तर देता आले नाही. इतक्या सबमिशन केल्या, पण हा प्रश्न मी कधी वहीत लिहिला नव्हता. काकांचा प्रश्न नीट पाहिला तर त्यात तीन गोष्टी आहेत : स्टेशन गावापासून किती लांब, वडशाला पुढची गाडी किती वेळाने मिळणार, आणि नागभीड–नागपूर मार्ग त्याला जुळणार का. लाइन किती किलोमीटरची झाली हे पेपरात येते. या तीन गोष्टींवर मात्र ठरते की बांधी दिलेल्या माणसाच्या वाट्याला रेल्वे आली की फक्त तिचा आवाज आला.

होस्टेलवर आपण बरेच जण याच लाइनने घरी जातो. पुढच्या वेळी क्रॉसिंगला गाडी थांबली की शिव्या देण्याआधी घड्याळ बघा, वहीत स्टेशनचे नाव आणि मिनिटे लिहा. सुट्टीनंतर सगळ्यांच्या वह्या एकत्र केल्या तर लाइन कुठे अडते ते आपल्यालाच दिसेल. एक चांगला प्रोजेक्ट होईल.

आमच्या खोलीत मेट्रोच्या नकाशाशेजारी माझा कागदही आता चिकटवलेला आहे. वडशाच्या टिंबापासून गडचिरोलीपर्यंत मी पेन्सिलने तुटक रेघ काढली आहे. रूममेट रोज विचारते, "पेनने कधी काढणार?" मी म्हणते, काकांची गाडी थांबली की.