जुनी खतं

1630 च्या सुमारास दुष्काळ पडला. तुकोबांचं दिवाळं निघालं, मान गेला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. आत्मपर अभंगात ते स्वतःच हे सांगतात. माणसांना विटून ते मावळातल्या भंडारा डोंगरावर एकांतात बसू लागले.

पण कायमचे तिथे राहिले नाहीत. परंपरा सांगते, घरातल्या कर्जखतांची त्यांनी वाटणी केली. धाकट्या कान्होबाला त्याची अर्धी दिली, आपली अर्धी इंद्रायणीत सोडली. मला ही वाटणीच मोठी वाटते. स्वतःचं येणं सोडलं, भावाचा हक्क नाही बुडवला! देऊळ भंगलं होतं, ते दुरुस्त केलं नि त्याच देहूत, त्याच माणसांपुढे कीर्तनाला उभे राहिले.

ब्रेकअपनंतर आपण काय करतो? जुन्याची थकबाकी नव्याकडून वसूल करतो. ‘ऑनलाइन होतास, मग रिप्लाय का नाही?’ आज जपाला बसण्याआधी बघ, हातातलं खत नक्की कुणाच्या नावाचं आहे.