दुकान सांभाळून दहावी

शाळा अर्ध्यावर सोडून वडिलांच्या हाताखाली वायरिंग शिकलेली मुले पनवेलच्या बाजारातही आम्ही पाहतो. हातात हुनर आहे, पण दहावीचा दाखला नाही. १७ नंबरचा फॉर्म भरून बोर्डाची परीक्षा देता येते. मात्र पहिल्या वेळी सारे विषय एकदम अंगावर येतात. धंदेवाल्याला ते जड जाते.

१९८९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची (आताचे नाव राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) रीत निराळी. वय १४ पूर्ण हवे. विषय पाच, त्यांत एक तरी भाषा. माध्यम उर्दू किंवा मराठी घेता येते. पास व्हायला ३३ टक्के. मुदत पाच वर्षे, संधी नऊ. सुटलेला विषय जमेस राहतो. सीझन सांभाळून एकेक पेपर द्यावा.

पण सोपे म्हणून भलतेच विषय घेऊ नयेत. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला दहावीत गणित आणि विज्ञान लागते. ते टाळले तर दाखला मिळूनही ती वाट बंद! विज्ञानाला प्रात्यक्षिक असते. त्या दिवशी दुकानावर बदली माणूस पाहून ठेवावा.