बियाण्याची उगवणशक्ती : गावातच करावयाचा एक प्रयोग

पेरणीनंतर आठ दिवसांनी तासे विरळ दिसू लागली, म्हणजे बियाण्यातील दोष शेतकऱ्याच्या ध्यानात येतो. परंतु तोपर्यंत बी, मजुरी आणि जमिनीतील ओल ही तिन्ही खर्ची पडलेली असतात. दुबार पेरणी करावी, तर नव्या बियाण्याचा भुर्दंड बसतो आणि पीकही मागास होते. हा दोष पेरणीपूर्वीच ओळखता येतो. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

सोयाबीनच्या बाबतीत ही परीक्षा विशेष अगत्याची होय. या दाण्याचे टरफल पातळ असते आणि भावी मुळाचा कोंब त्याच्या अगदी लगत असतो. मळणी यंत्राचा वेग जास्त ठेवला किंवा पोती उंचावरून आदळली, तर वरून सुबक दिसणारा दाणाही आतून दुखावतो. सरळ वाणाचे घरचे बी दरवर्षी बदलण्याची आवश्यकता नसते. मात्र ते तपासल्यावाचून पेरू नये.

प्रयोगाची रीत

१) हा प्रयोग मे महिन्यात, बियाण्यास औषध लावण्यापूर्वी करावा. प्रत्येक पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळच्या भागातून मूठमूठ बी काढून एकत्र मिसळावे. त्यातून न निवडता सरसकट शंभर दाणे मोजून घ्यावेत. चांगले दाणे वेचून घेतल्यास परीक्षा फसते.

२) स्वच्छ गोणपाट भिजवून निथळावे. त्यावर दहा दाण्यांची एक, अशा दहा ओळी अंतर सोडून मांडाव्यात. वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी व ती सावलीत ठेवावी. दररोज पाणी शिंपडून ओल टिकवावी. पाणी साचू देऊ नये.

३) सहा-सात दिवसांनी गुंडाळी उघडावी. मूळ व कोंब दोन्ही सशक्त असलेली रोपेच मोजावीत. वाकडी, मोडकी व बुरशीने कुजलेली रोपे हिशेबात धरू नयेत.

४) असे शंभर दाण्यांचे तीन संच एकाच वेळी करून सरासरी काढावी.

निष्कर्षाचा उपयोग

सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी. अशा बियाण्याचे प्रमाण एकरी ३० किलो धरतात. त्याहून उगवण कमी असल्यास दर टक्क्यामागे अर्धा किलो बी वाढवावे. समजा, तीन संचांत ६६, ६० व ६३ रोपे मिळाली. सरासरी ६३ आली, म्हणजे ७ टक्के तूट. म्हणून एकरी साडेतेहतीस किलो बी लागेल. उगवण ६० टक्क्यांहून कमी भरल्यास ते बी पेरणीस वापरू नये.

गोणपाटात ओल पुरेशी असते, शेतात ती असेलच असे नाही. सबब ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये आणि बी तीन ते चार सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नये.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

गावपातळीवरील कार्यकर्त्याने हा प्रयोग स्वतः करून केवळ आकडा सांगू नये. दाणे शेतकऱ्याने मोजावेत, पाणी त्याच्या घरच्यांनी शिंपडावे आणि गुंडाळी त्यानेच उघडावी. कोणते रोप सशक्त व कोणते निकामी, हे आधी त्याला विचारावे. मतभेद झाल्यास भिंगातून मूळ दाखवावे. कारण सांगितलेला आकडा विसरला जातो, स्वतः मोजलेला विसरला जात नाही.

टरफलाची नाजुकता पटविण्यासाठी त्याच बियाण्याचे आणखी शंभर दाणे पिशवीत घालून दगडी फरशीवर दहा-बारा वेळा आपटावेत आणि शेजारच्या गुंडाळीत लावावेत. दोन्ही गुंडाळ्या एकाच दिवशी उघडून रोपांची संख्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहावी. पोती अलगद का उतरावयाची, हे मग निराळे सांगावे लागणार नाही.

शाळेतील मुलांनाही या मोजणीत सामील करून घ्यावे. शेकडेवारी व सरासरी ही त्यांच्या पुस्तकातील गणिते येथे घरच्या पेरणीच्या उपयोगी पडतात. प्रत्येक घराची नोंद वहीत ठेवावी आणि पेरणीनंतर शेतातील उगवणीशी ती ताडून पाहावी. अशी वही दोन-तीन हंगाम चालली, म्हणजे कोणाची साठवण चांगली व कोणाची सदोष, हे गावाला आपोआप कळू लागेल.