न्यूटनच्या डोळ्यांतील सूर्य

आयझॅक न्यूटन या थोर इंग्रज शास्त्रज्ञाला तरुणपणी एक विलक्षण लहर आली. आरशात पडलेले सूर्याचे प्रतिबिंब उजव्या डोळ्याने पाहावे, मग अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळून डोळ्यांपुढे उमटणारी रंगीत वलये निरखावी, असा खेळ त्याने पुनःपुन्हा केला. काही तासांतच त्याची अशी अवस्था झाली, की कोणत्याही उजळ वस्तूकडे पाहावे तो समोर सूर्यच दिसे! लिहिण्यावाचण्याचे धाडस होईना. शेवटी खोली अंधारी करून तो तीन दिवस तिच्यात कोंडून राहिला. १६९१ साली जॉन लॉक या तत्त्वज्ञ मित्राला पाठविलेल्या पत्रात त्याने स्वतःच ही हकीकत सांगितली आहे.

या भासात मनाचाही वाटा असावा. परंतु सूर्याकडे टक लावणाऱ्याच्या डोळ्यांना इजा होते ती खरीखुरी. डोळ्याच्या आत, मागील बाजूस, दृष्टिपटल नावाचा नाजूक पडदा असतो. त्यातील पेशी प्रकाश टिपतात व मेंदूकडे संदेश धाडतात. सूर्यप्रकाशात सात रंगांखेरीज, जांभळ्याच्या पलीकडचे अदृश्य असे अतिनील किरणही असतात. त्यांच्या वाटेवर निसर्गाने दोन पहारेकरी ठेवले आहेत : बुबुळापुढील पारदर्शक पटल आणि बुबुळामागील नेत्रभिंग. मोठ्या माणसाच्या डोळ्यात हे किरण दृष्टिपटलापर्यंत फारच थोडे पोहोचतात. मुलांचे नेत्रभिंग अधिक नितळ. म्हणून तेथे हा पहारा जरा ढिला असतो.

सूर्याकडे रोखून पाहिले, म्हणजे नेत्रभिंग सारा प्रकाश एका इवल्याशा जागी एकवटते. पहाऱ्यातून निसटलेले अतिनील किरण व त्यांचे शेजारी निळे-जांभळे किरण पेशींतील रंगद्रव्ये शोषून घेतात. तेथील प्राणवायूपासून मग अतिशय उग्र असे कण निर्माण होतात, आणि ते पेशींची आवरणे पोखरू लागतात. विस्तवाने भाजावे तशी ही इजा नव्हे. लोखंड गंजावे तशी ही रासायनिक क्रिया आहे. ती घडते तीही नेमकी दृष्टिपटलाच्या मध्यावर, ज्याच्या बळावर माणूस बारीक अक्षर वाचतो!

दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, हे आणखी एक संकट. डोळा दुखत नाही, म्हणून पाहणारा पाहतच राहतो. काही तासांनी नजरेच्या मध्यभागी काळसर डाग दिसू लागतो. ग्रहणात तर सूर्याची चकाकी मंदावते, त्यामुळे डोळे आपोआप मिटतही नाहीत. काजळी धरलेल्या काचेवर विसंबून कित्येकांनी अशा वेळी डोळे बिघडवून घेतले आहेत. काहींचा डाग महिन्या-दोन महिन्यांत विरतो, काहींचा जन्मभर राहतो.

न्यूटनची दृष्टी सुदैवाने सावरली. मात्र पुढे कित्येक महिने, त्या प्रयोगाचा विचार मनात आला, की भर मध्यरात्री, पडदे ओढलेल्या बिछान्यातही, तो सूर्य त्याच्यापुढे पुन्हा उभा राही.